तिसरा ठोका

त्यांना सगळे ‘ठकठक’ म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी मात्र काका म्हणायचे, कारण माझी त्यांची ओळख झाली तेव्हा ते सत्तरीच्या पुढे गेले होते आणि मी वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिस्ट होते. सत्तरीच्या माणसाला ठकठक म्हणण्याइतकी माझी जीभ लांब नाही.

आधीच सांगून टाकते, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. वकीलबाईंकडे वादक-गायक संघाचा दावा आला आणि आमच्या ऑफिसाची धर्मशाळा झाली. अकराला बोलावलेला माणूस एकला उगवायचा, आल्याआल्या चहाची चौकशी करायचा आणि सहीची वेळ आली की माझंच पेन मागायचा. गेलेली पेनं परत आली नाहीत. एकजण तर मी टाइप करत असताना माझ्या टेबलावर बोटांनी ताल धरून बसायचा. संघाचे अध्यक्ष ट्रम्पेट वाजवायचे आणि बोलायचेही तसेच. उभ्या आयुष्यात त्यांनी एकदाही हळू बोलून पाहिलं नसावं.

दावा असा होता. इंटरनेटवर एक साइट होती. लोक आपल्याकडची गाणी तिथे चढवायचे, दुसऱ्यांची उतरवून घ्यायचे, सगळं फुकट आणि कुणालाही न विचारता. संघाच्या लोकांनी गायलेली, वाजवलेली शेकडो गाणी तिथे पडलेली होती. ती ज्या रेकॉर्ड कंपनीसाठी मुद्रित झाली ती कंपनी कधीच बंद पडली होती, आणि जाताजाता हक्क आणि मूळ टेपा संघाच्या पदरात टाकून गेली होती. म्हणून संघाने साइटवर दावा लावला. साइटचं म्हणणं, आम्ही फक्त जागा देतो, कोण काय आणून ठेवतं ते आम्हाला काय ठाऊक. वकीलबाई म्हणायच्या की या धंद्यातले सगळेच असे हात वर करतात आणि बहुतेक वेळा सुटतातही.

पण त्या शेकड्यांत तेवीस गाणी वेगळी होती. ती बाजारात कधी आलीच नव्हती. एखादं गाणं मुद्रित करताना ते सात-आठ वेळा गाऊन-वाजवून घेतात, त्या प्रत्येक खेपेला टेक म्हणतात, आणि त्यातला एक ठेवून बाकीचे टाकून देतात, म्हणजे ते मूळ टेपांवर नुसते पडून राहतात. हे तेवीस टाकून दिलेले टेक होते. म्हणजे कुणी दुकानातून रेकॉर्ड आणून ती चढवली असं म्हणायला जागा नव्हती. सगळी एकाच खात्यावरून चढवलेली होती, आणि खात्याचं नाव होतं ‘दाराजवळची’.

वकीलबाईंना यात घबाड दिसलं. संघाच्या गोदामाचं कुलूप काही वर्षांपूर्वी एकदा तुटलेलं सापडलं होतं. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता सगळं जुळत होतं. साइटवाल्यांनीच टेपा पळवल्या, त्यांनीच हे खातं काढलं, गिऱ्हाईक ओढायला त्यांनीच गाणी चढवली. हे पटवता आलं की ‘आम्ही फक्त जागा देतो’ हे तुणतुणं बंद. दाव्याचा सगळा भार त्या तेवीस टेकवर होता. आणि हे टेक गोदामातल्या मूळ टेपांवरचेच आहेत असं शपथेवर सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता. तो म्हणजे ठकठक.

काका वादक नव्हते, गायक तर मुळीच नव्हते. स्टुडिओत नोंदवही ठेवायचे. अडतीस वर्षं. एकोणिसाव्या वर्षी त्यांना कामावर घेतलं ते केवळ एका गुणावर, ते खोकत नसत. आधीचा माणूस खोकायचा. प्रत्येक टेकच्या आधी मायक्रोफोनपाशी जायचं, गाण्याचा क्रमांक आणि टेकचा क्रमांक म्हणायचा, आणि लाकडी स्टँडवर पेन्सिल दोनदा आपटायची, ठक ठक. पुढे टेप कापणाऱ्याला सुरुवात सापडावी म्हणून. टेक संपला की वहीत लिहायचं, किती वाजता सुरू, किती वाजता संपला, कोण वाजवायला होतं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे तीनच, ‘ठीक’, ‘पुन्हा’ आणि ‘रद्द’. शेरा निर्माता सांगायचा, काका लिहायचे.

पहिल्यांदा ऑफिसात आले ते अकराच्या वेळेला दहा पन्नासला. मी दार उघडलं तर जिन्यात पायरीवर बसलेले. आत या म्हटलं, तर म्हणाले, “अकराला बोलावलंय.” आणि अकरापर्यंत बसून राहिले. खिशात स्वतःची पेन्सिल, तिला टोपण. त्या दिवसापासून मी या माणसाच्या बाजूची झाले.

बोलायचे मोजकं, आणि विचारलं तेवढंच. “अडतीस वर्षांत वहीत एकही खोटी नोंद नाही,” असं त्यांनी वकीलबाईंना सांगितलं, ते आपला रक्तगट सांगावा इतक्या कोरडेपणाने. एकदा एका मोठ्या निर्मात्याला दुपारी तीनला येऊन वहीत अकराची हजेरी हवी होती. काकांनी तीन लिहिले. नोकरी जायची वेळ आली. “मग?” मी विचारलं. “मग काही नाही. तीनला आले होते ते,” काका म्हणाले.

त्या दिवशी वकीलबाईंनी तेवीसांतला पहिला टेक कॉम्प्युटरवर लावला. आधी खरखर, मग एका तरुण माणसाचा सपाट आवाज, “गाणं बारा, टेक सात.” मग पेन्सिलीचे ठोके. मग व्हायोलिनं, आणि त्यांच्यावरून एका बाईचा आवाज आला, मोकळा, मोठा, कसलाही नखरा नसलेला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझे हात कीबोर्डवर तसेच राहिले आणि पान अर्धं टाइप करायचं राहिलं, हे खरं.

काकांनी डोकं एका बाजूला कलतं करून ऐकलं. “सुरुवात परत लावा,” म्हणाले. परत लावली. मग उठून स्क्रीनपाशी गेले, चष्मा वर करून खात्याचं नाव वाचलं, आणि पेन्सिलीला टोपण घालून ती खिशात ठेवली.

“आवाज माझा आहे,” ते म्हणाले. “ठोके माझे आहेत.”

वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. “म्हणजे गोदामातल्या टेपवरचंच हे!”

“लिहून पाठवा,” काका म्हणाले. “वाचून सांगतो.”

चार दिवसांनी मी प्रतिज्ञापत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या. दाराशी चपला ओळीने, भिंतीला लागून एक फडताळ, त्यात कॅसेटींच्या रांगा, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख. दार काकूंनी उघडलं. काकू बोलल्या की जिन्यातल्या तिन्ही मजल्यांना ऐकू जायचं.

“या, या! चार दिवसांनी या घरात कुणीतरी बोलायला आलं.”

मला वाटलं, थट्टा करतायत. आत काका टेबलाशी बसले होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, त्यावरून कळलं की थट्टा नव्हती.

काकू कोरसमध्ये गायच्या, सव्वीस वर्षं, त्याच स्टुडिओत. हे त्यांनीच मला चहा ठेवताठेवता सांगितलं. काका तोवर एकेका ओळीखाली पेन्सिल धरून वाचत होते. सहाव्या परिच्छेदाशी थांबले. तिथे मी टाइप केलं होतं, ‘सदरचे ठोके फक्त मूळ टेपांवरच आहेत.’

“हे बरोबर नाही,” ते म्हणाले.

“तुम्हीच म्हणालात ना काका, ठोके तुमचे आहेत.”

“माझेच आहेत. पण दोन नाहीत. तीन आहेत.”

मग त्यांनी सांगितलं. स्टुडिओतून कसलीही कॉपी बाहेर न्यायला बंदी होती. पण वाजवणारा माणूस दिवसभर वाजवायचा आणि आपण काय वाजवलं ते त्याला ऐकायला मिळायचं नाही. ठीक झालेला टेक निदान पुढेमागे रेडिओवर लागायचा. रद्द झालेला कुणीच कधी ऐकायचं नाही. लोक येऊन म्हणायचे, ठकठक, एकदा ऐकव ना. मग दुपारच्या सुट्टीत, सगळे जेवायला गेले की, काका टेप लावून कॅसेटवर उतरवून द्यायचे. आणि ती कॉपी चुकून कंपनीच्या कपाटात जाऊन मूळ म्हणून बसू नये, म्हणून दोन ठोक्यांनंतर कॅसेट थांबवायची, मायक्रोफोनपाशी आणखी एक ठोका मारायचा आणि पुढे चालू करायचं. चोरी करतानाही या माणसाला नोंद चोख हवी होती!

“दोन ठोके कंपनीचे,” काका म्हणाले. “तिसरा घरचा.”

“आणि या तेवीसांवर?”

“सगळ्यांवर तीन.”

“मग हे कुणाच्या घरचे?”

काकांनी पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

“आमच्या घरचे. मी चढवले.”

काकू कप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. “अगं, दाराजवळची म्हणजे मी. कोरसला आम्ही आठजणी. ज्यांचा आवाज नाजूक त्या मायक्रोफोनपाशी, ज्यांचा मोठा त्या मागे. मी पार दाराला टेकून. दार उघडलं की आधी मला लागायचं.” त्या हसल्या. “कॅसेटी झिजायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी शिकवलं, असं असं करून चढवायचं, म्हणजे राहतात. मी चढवलं. दावाबिवा तेव्हा कुठे होता? आणि लोक ऐकायला लागले की! एकाने लिहिलंय, ही बाई कोण? दुसऱ्यानेही तेच. आता मी काय उत्तर देणार? वहीत बघ, तिथे नाव आहे का माझं? गाणं बारा, टेक सात, कोरसमधील एक. यांच्याच अक्षरात.”

काकांनी पेन्सिल उचलून सातव्या परिच्छेदाखाली धरली.

टेक सातची गोष्ट काकूंनीच सांगितली. मुख्य गायिका आली नव्हती. नुसत्या वाद्यांचे सहा टेक झाले तरी वीस वादकांचा मेळ बसत नव्हता. गाणं कसं जातं ते त्यांना कळावं म्हणून निर्मात्याने सहज बोट दाखवलं, ए दाराजवळच्या बाई, तुम्ही म्हणा तोवर. अशा कामचलाऊ गाण्याला डमी म्हणतात. काकू मायक्रोफोनपाशी गेल्या, सव्वीस वर्षांत एकदाच, आणि गायल्या. तासाभराने गायिका आली. डमी रद्द.

“आमच्या लग्नाला दोन वर्षं झालेली. घरी जाताना बसस्टॉपवर मी यांना विचारलं, कसं झालं? हे म्हणाले, रद्द झालं.” काकू पुन्हा हसल्या, पण टेबल स्वच्छ असून त्यांनी ते हाताने पुसलं.

“रद्दच झालं होतं,” काका म्हणाले.

“बघितलंस?” काकू मला म्हणाल्या. “पुढे कॅसेट आणून दिली खरी. मला वाटलं, माझं मन राखायला.”

मी मुद्द्यावर आले, कारण मला चारला ऑफिसात पोचायचं होतं. म्हटलं, हे कोर्टात आलं तर चोरी उरत नाही, आणि चोरी उरली नाही तर दावा कोसळतो. शिवाय काकू, तुम्ही स्वतः संघाच्या सभासद.

“म्हणजे माझ्याच दाव्यातली चोर मीच,” काकू म्हणाल्या. “काय बाई नशीब!”

काकांनी प्रतिज्ञापत्र सही न करता माझ्याकडे सरकवलं. “आपणहून बोलणार नाही,” ते म्हणाले. “विचारलं तर सांगीन.”

“विचारलं तर पूर्ण सांगा,” काकू म्हणाल्या. चार दिवसांत बहुधा पहिल्यांदाच त्या त्यांच्याशी बोलत होत्या. “मला वगळून अर्धंमुर्धं सांगाल तर बघा. नावासकट सांगा.”

वकीलबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून फाइलीवर टाकला आणि दहा मिनिटं कुणाचाही फोन घेतला नाही. बाई कडक, पण सरळ. “खोटं मी माझ्या हाताने कोर्टात चढवत नाही,” म्हणाल्या आणि प्रतिज्ञापत्राचे चार तुकडे केले. पण साक्षीदारांची यादी आधीच गेली होती, वही काकांच्या नावावर दाखल झालेली होती, त्यांना उभं करणं भाग होतं. मग त्यांनी ठरवलं, कुलपाचं नाव काढायचं नाही. वही तुमची का, अक्षर तुमचं का, आवाज तुमचा का, एवढंच विचारायचं. टेक बाहेर कसे आले ते साइटने सांगावं. समोरच्या वकिलांना तिसऱ्या ठोक्याचा पत्ता असायचं कारणच नव्हतं.

अध्यक्षांना बातमी लागलीच. काकांना ऑफिसात गाठून त्यांनी ऐकवलं, “दोन असोत नाहीतर तीन असोत! हो म्हणायचं आणि खाली उतरायचं. चारशे कलावंतांचा प्रश्न आहे. तुम्ही कलावंत नाही, तुम्हाला नाही कळायचं.”

“नाही,” काका म्हणाले. यातल्या कशाला नाही म्हणाले, ते अध्यक्षांनी विचारलं नाही.

साक्षीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. कोर्टाची खोली लहान, वर दोन पंखे, त्यातला एक टकटक करणारा. काकांनी आत आल्याआल्या त्याच्याकडे बघितलं आणि मग साक्षीच्या पिंजऱ्यात चढले. काकू शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, दाराजवळ. सवय, दुसरं काय.

वकीलबाईंचे प्रश्न बारा मिनिटांत आटोपले. वही माझी, अक्षर माझं, आवाज माझा. वही उघडून न्यायाधीशांच्या पुढ्यात ठेवली गेली. आता समोरचे वकील उठले. तरुण, मऊ आवाजाचे, हातात कागदसुद्धा नाही. त्यांनी काकांचं वय विचारलं. कानांची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारलं. काकांनी तारीख सांगितली. मग ते जरा हसून म्हणाले, “ठोके म्हणजे काय, तर लाकडावर पेन्सिल आपटायची. ती कुणीही आपटू शकतं. आवाजाची नक्कल होऊ शकते. बरोबर?”

काकांनी ‘बरोबर’ म्हटलं असतं की संपलं असतं. साक्ष जराशी ढिली पडली असती, पण तिसरा ठोका झाकलेला राहिला असता, आणि ते खोटंही झालं नसतं. पेन्सिल कुणीही आपटू शकतं. वकील खाली बसणार होते, त्यांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर गेलाही होता. दुसऱ्या रांगेतून अध्यक्ष मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. वकीलबाईंचं पेन कागदावर थांबलं होतं.

“नाही,” काका म्हणाले.

“नाही म्हणजे?”

“ठोके माझेच आहेत. दुसऱ्याने आपटले असते तर दोन आपटले असते. सगळ्यांना दोनच माहीत आहेत. यावर तीन आहेत.”

समोरच्या वकिलांना आपण काय उकरून काढलं ते कळलंच नाही. पण न्यायाधीशांनी मान वर केली. “तीन कसे?” त्यांनी विचारलं.

काकांनी सांगितलं. दुपारची सुट्टी, कॅसेट, दोन कंपनीचे, तिसरा घरचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. मी मागे बघितलं नाही. अध्यक्षांचा श्वास मला ऐकू येत होता.

आता समोरचे वकील चांगलेच जागे झाले. “म्हणजे हे टेक गोदामातून चोरीला गेलेलेच नाहीत!”

“नाहीत.”

“मग साइटवर कुणी चढवले?”

“माझ्या पत्नीने.”

“तिचं नाव सांगा.”

काकांनी पूर्ण नाव सांगितलं. आधी लग्नापूर्वीचं, कारण गायला लागल्या तेव्हा ते होतं, मग आताचं. न्यायाधीशांनी ते स्टेनोला सावकाश सांगितलं आणि ते कागदावर उतरलं. वकिलांनी वही मागून घेतली. “इथे लिहिलंय, कोरसमधील एक. ही कोण?”

“तीच.”

“मग नाव का नाही?”

“कोरसची नावं लिहायची पद्धत नव्हती. किती जण ते लिहायचो.”

“आणि तुम्ही म्हणता, अडतीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही.”

“खोटी केली नाही,” काका म्हणाले. “अपुरी केली.”

वकिलांना आता गंमत वाटायला लागली होती. “शेऱ्यात तर रद्द लिहिलंय. रद्द झालेलं गाणं घरी कशाला नेलं? बायकोची समजूत काढायला?”

मागे दोघंचौघं हसली.

“नाही. चांगलं होतं म्हणून.”

इथे न्यायाधीश मधे पडले. वय झालेले गृहस्थ होते, त्यांनाही बहुधा नुसतीच उत्सुकता असावी. “चांगलं होतं, तर तुम्ही रद्द का लिहिलं?”

“शेरा निर्मात्यांचा असतो. मी लिहिणारा. मला कुणी विचारलं नव्हतं.”

“आता मी विचारतो.”

काका वहीकडे बघत होते. पेन्सिल खिशात होती, तरी त्यांचं बोट ओळीखाली धरल्यासारखं पुढे आलं. “त्या दिवशी अकरा टेक झाले,” ते म्हणाले. “ठेवला तो अकरावा. सातवा सगळ्यांत चांगला होता. मी अडतीस वर्षं त्या खोलीत ऐकलं, त्यातही तो चांगला होता. निर्मात्यांचा निर्णय चुकला.”

न्यायाधीशांनी हेही शब्दशः सांगितलं आणि स्टेनोने टाइप केलं. तेव्हा मी मागे वळून पाहिलं. काकू समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. दार उघडून कुणी आत आलं, ते त्यांच्या खांद्याला लागलं, तरी त्या सरकल्या नाहीत.

निकाल आठ महिन्यांनी लागला. तेवीस टेक सभासदानेच चढवलेले, सबब चोरी नाही आणि साइटला ठाऊक असल्याचा पुरावाही नाही. बाकीची गाणी यादीप्रमाणे काढून टाका, असं साइटला सांगण्यात आलं. त्यांनी संध्याकाळी काढली आणि दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या नावांनी परत आली. वर्षभराने साइट आपोआपच बंद पडली, लोकांना ऐकायला नव्या जागा मिळाल्या होत्या. तिच्याबरोबर ‘दाराजवळची’ही गेली. काकूंच्या कॉम्प्युटरवर फाइल आहे, पण ती आता त्यांनी एकट्यांनीच ऐकायची. ही बाई कोण, म्हणून विचारणारं कुणी नाही. संघाने त्यांचं सभासदत्व काढून घेतलं आणि अध्यक्ष रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जातात.

मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू? दाव्याची सहाशे पानं मी टाइप केली होती. एका ‘बरोबर’मध्ये काम झालं असतं. अजूनही आठवलं की मला थोडा राग येतो.

निकालानंतर दोघं साक्षीची नक्कल न्यायला आले, कोर्टाच्या शिक्क्याची. अकराची वेळ दिली होती. दहा पन्नासला दोघंही पायरीवर बसलेले, शेजारीशेजारी. अकराला आत आले. काकांनी नक्कल पेन्सिल धरून पहिल्यापासून वाचली आणि म्हणाले, “ठीक.”

काकूंनी चष्मा आणला नव्हता. “तू वाच गं,” मला म्हणाल्या. “शेवटचं वाच.”

मी त्यांचं नाव वाचलं, दोन्ही नावं. मग खाली येऊन वाचलं, सातवा सगळ्यांत चांगला होता.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“हे घरी सांगता आलं नसतं?” काकू म्हणाल्या, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“तू विचारलं नव्हतंस,” काका म्हणाले.

“विचारलं होतं. बसस्टॉपवर.”

काका आठवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, तारीख, वार, बहुतेक बसचा नंबरही. “हो,” ते म्हणाले. “तू विचारलंस, कसं झालं. मी शेरा सांगितला.”

“मला शेरा नको होता,” काकू म्हणाल्या. या वेळी इतक्या हळू, की शेजारच्या टेबलावरसुद्धा ऐकू गेलं नसतं.

काकांनी पेन्सिलीचं टोपण काढलं, परत घातलं. मग नक्कल आपल्या फाइलीत लावायला हात पुढे केला. काकूंनी ती त्यांच्या आधी उचलली, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावून टाकली.